जुन्या गावाचा नकाशा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या वाई येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेले काही तपशील लिहून देताना घातले आहेत.)



संयोजन समितीने मला २० मिनिटं दिली आहेत आणि "तुझ्या क्षेत्राबद्दल काहीतरी सांग" असं बजावलं आहे. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यातही मी डेटाबेसवर काम करते. म्हणजे माहिती कुठे ठेवायची आणि कुणी मागितली की ती पटकन कशी शोधून द्यायची, एवढंच. जेवणाच्या आधी हे ऐकायला कुणाला आवडेल असं मला वाटत नाही. पण हाच प्रश्न निसर्गाने आपल्या डोक्यात फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. गेलं दीड वर्ष, घरच्या एका कारणामुळे, मी त्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. आज त्याबद्दलच बोलते. घरचं कारणही सांगणार आहे, पण जरा पुढे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. जीवशास्त्राच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, चुकलं तर त्या कान धरतीलच.

आधी एक छोटा प्रयोग करू. सगळ्यांनी डोळे मिटा. फाटकातून आपल्या जुन्या इमारतीत या. डावीकडे ऑफिस, पुढे टांगलेली घंटा, मग दगडी जिना. वर चढा. दहावीच्या वर्गात जा आणि आपल्या बाकावर बसा. शेजारी कोण आहे? पुढच्या बाकावर कोणाची वेणी दिसते? खिडकीबाहेर काय आहे?

उघडा डोळे. ती इमारत आता नाही. तिथे नवी इमारत उभी आहे आणि सकाळी आपण सगळे तिच्यापुढे फोटो काढून आलो. तरीही आत्ता तुम्ही तो जिना चढलात. शिवाय मी विचारलं होतं फक्त जागेबद्दल, पण शेवटच्या रांगेतून हसू आलं. म्हणजे तिथल्या मंडळींना नुसता बाक आठवला नाही, बाकावर घडलेलं काहीतरीही आठवलं. जागा आठवली की प्रसंग मागोमाग येतो. ही जोडी योगायोगाने जमलेली नाही. मेंदूत या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून जातात, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे.

आपल्यासारख्या जमावावर एक सुंदर अभ्यास झालेला आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत हॅरी बारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ ते ७४ या वयाच्या ३९२ जणांना त्यांच्या शाळासोबत्यांचे जुने फोटो दाखवले. शाळा सोडून ३०-३५ वर्षं झालेल्यांनीही सुमारे ९० टक्के चेहरे बरोबर ओळखले. न बघता नावं आठवून सांगायला लावलं, तेव्हा मात्र कामगिरी बरीच खाली आली. म्हणजे आज तुम्हाला कुणाचा चेहरा ओळखीचा वाटला आणि नाव ओठांवर येईना, तर लाजू नका. माहिती आत शाबूत असते, तिच्यापर्यंत जाणारी वाट अडलेली असते.

ती वाट नेमकी कुठून जाते, हे एका माणसाच्या दुर्दैवामुळे जगाला कळलं. त्याचं नाव हेन्री मोलेसन. तो जिवंत असेपर्यंत जगाला तो फक्त 'एच. एम.' या आद्याक्षरांनी माहीत होता. त्याला लहानपणापासून आकडी येत असे आणि औषधांनी ती आटोक्यात येईना. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंनी, कानशिलांच्या आतल्या अंगाचा काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव बराचसा गेला. हा अवयव प्रत्येक बाजूला एक असतो, साधारण करंगळीएवढा, आणि वळलेला. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हे ग्रीक नाव पडलं.

आकडी पुष्कळ कमी झाली. पण त्या दिवसानंतर हेन्रीच्या डोक्यात नवीन काही टिकेना. डॉक्टर खोलीतून बाहेर जाऊन ५ मिनिटांनी परत आले की त्याच्या दृष्टीने ती पहिलीच भेट. बालपणीचं मात्र आठवत होतं. बोलणं चांगलं, बुद्धी शाबूत, विनोद कळायचा. माँट्रियलच्या ब्रेंडा मिलनर यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला लावली. करून बघा, फार अवघड असतं. रोजच्या सरावाने त्याचा हात सुधारत गेला. तिसऱ्या दिवशी त्याला ते सफाईने जमत होतं, आणि आपण हे पूर्वी कधी केलंय याची त्याला अजिबात आठवण नव्हती. हाताला आलं, त्याला माहीत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. २००८ मध्ये, ८२ व्या वर्षी तो गेला. जन्मभर त्याने आपला अभ्यास करू दिला, आणि स्मरणशक्ती ही एकच वस्तू नसून तिची निरनिराळी खाती असतात, हे आपल्याला त्याच्यामुळे समजलं.

आता नकाशाकडे येऊ. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि त्यांचे विद्यार्थी जोनाथन डोस्ट्रोव्हस्की उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या एकेका पेशीचे विजेचे इशारे ऐकत होते. त्यांच्या लक्षात आलं की एखादी पेशी उंदीर एका ठरावीक जागी गेला की कडकड वाजते आणि इतर ठिकाणी गप्प बसते. शेजारची पेशी दुसऱ्या जागी वाजते. अशा अनेक पेशी मिळून त्या खोलीचा नकाशा होतो. पुढे २००५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम इथे मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाने हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागात, म्हणजे एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये, आणखी नवल पाहिलं. तिथली एक पेशी एकाच जागी न वाजता अनेक जागी वाजत होती, आणि त्या जागा जमिनीवर मांडल्या तर मधमाशांच्या पोळ्यासारखी नियमित जाळी तयार होत होती. भूगोलाच्या बाई आपल्याला आलेख कागदावर नकाशा काढायला लावायच्या, तसाच आलेख कागद मेंदूत आधीपासून पसरलेला असतो म्हणा ना. या शोधांसाठी तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आणि हे उंदरांपुरतं नाही. आकडीच्या उपचारासाठी मेंदूत तारा बसवलेल्या रुग्णांना संगणकावर टॅक्सी चालवण्याचा खेळ खेळायला देऊन, माणसातही जागेच्या पेशी असल्याचं २००३ मध्ये दाखवलं गेलं.

मग आठवण आणि नकाशा यांचा संबंध काय? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात खणांचं एक कपाट होतं, आठवतं? त्यात पुस्तकं नव्हती. पुस्तकाचं नाव आणि ते कुठल्या कपाटात आहे याची कार्डं होती. डेटाबेसमध्ये त्याला आम्ही इंडेक्स म्हणतो. हिप्पोकॅम्पस काहीसा तसं काम करतो, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं.

गॅदरिंगची संध्याकाळ घ्या. दिसलेलं मेंदूच्या मागच्या भागात जातं, ऐकलेलं कानशिलाजवळ, अंगावर शहारा आला तो आणखी वेगळीकडे. हा सगळा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूची बाहेरची सुरकुतलेली साल. तुकडे असे विखुरलेले असतात. या सगळ्या भागांकडून येणाऱ्या तारा एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये एकत्र होतात, तिथून हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतात, आत दोन-तीन थांबे घेतात आणि फिरून त्याच वाटेने कॉर्टेक्सकडे परत जातात. हिप्पोकॅम्पस त्या एका संध्याकाळचे तुकडे एका दोऱ्यात ओवतो. पुढे कधी एक तुकडा हाती लागला, समजा मोगऱ्याच्या गजऱ्याचा वास आला, की तो दोरा ओढला जातो आणि बाकीचे तुकडे आपापल्या जागी जागे होतात. कुठलाही प्रसंग कुठल्या तरी जागीच घडतो. त्यामुळे तुकडे ओवायचे तर जागेसारखा भक्कम दोरा दुसरा नाही.

पण हे कार्ड कायम लागत नाही. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी पाहिलं की दिवसा धावपट्टीवर धावताना उंदराच्या ज्या पेशी एकत्र वाजल्या होत्या, त्याच झोपेत पुन्हा एकत्र वाजतात. झोपलेला उंदीर जणू दिवसाची उजळणी करत असतो. २००९ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी झोपेतल्या या लहरी मुद्दाम मोडल्या, तर उंदरांचं शिकणं मंदावलं. अशा उजळण्या होत होत, महिने-वर्षं गेल्यावर, कॉर्टेक्समधल्या तुकड्यांची आपापसांतच ओळख पक्की होते आणि हिप्पोकॅम्पसच्या मध्यस्थीची गरज कमी होत जाते. किती कमी होते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण दिशा तीच. गणिताचे सर म्हणायचे, रात्री पाढे म्हणून झोपा. सर, तुम्ही बरोबर होतात.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे, ती मला सगळ्यांत जवळची वाटते. अमेरिकेतले एक गृहस्थ, शोधनिबंधांत त्यांचं नाव 'ई. पी.' एवढंच. १९९२ मध्ये, सत्तरीत, विषाणूमुळे त्यांना मेंदूज्वर झाला आणि दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस पूर्ण नष्ट झाला. त्यानंतर ते बायकोबरोबर सान डिएगोजवळ नव्या घरी राहायला आले. एडमंड टेंग आणि लॅरी स्क्वायर यांनी १९९९ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ई. पी. यांचं बालपण कॅलिफोर्नियातल्याच एका दुसऱ्या भागात गेलं होतं आणि तरुणपणीच त्यांनी तो सोडला होता. संशोधकांनी त्या जुन्या गावाबद्दल विचारलं: घरापासून अमुक ठिकाणी कसं जाल? मुख्य रस्ता बंद असेल तर कुठून वळाल? इथे उभे आहात असं समजा, तमुक दुकान कुठल्या दिशेला? त्याच गावात वाढलेल्या त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांइतकीच चोख उत्तरं त्यांनी दिली. मग नव्या घराच्या आसपासचे तसेच प्रश्न विचारले. एकाचंही उत्तर देता आलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेलं गाव डोळ्यांपुढे लख्ख, आणि ज्या घरात रोज राहतो त्याच्या बाहेर कोरा कागद.

याला एक पुरवणी आहे. लंडनमध्ये एक जुना टॅक्सीचालक होता, त्याचाही हिप्पोकॅम्पस आजाराने गेला. २००६ मध्ये संगणकावर उभ्या केलेल्या लंडनमध्ये त्याला गाडी चालवायला दिली. मोठ्या रस्त्यांवर तो बिनचूक गेला, पण गल्ल्यांत शिरावं लागलं की चुकायचा. म्हणजे जुन्या नकाशाचा सांगाडा कॉर्टेक्समध्ये टिकतो, बारीक गल्लीबोळांना मात्र हिप्पोकॅम्पसची मदत लागत असावी.

आता घरचं कारण.

माझ्या आईला तुमच्यातले बरेच जण ओळखतात. गंगापुरीतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन असायचं. या सभागृहातल्या निदान दहा-बारा जणींचे निळे स्कर्ट आणि पांढरे ब्लाऊज तिने शिवलेले आहेत. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते. मागच्या वर्षाच्या सुरुवातीला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती ३ महिने पुण्याला भावाकडे होती. ऑपरेशन छान झालं, ती चालायला लागली, आणि चालायला लागल्यावर ती हरवायला लागली. भावाच्या सोसायटीत ४ विंगा, सगळ्या सारख्या, सगळी दारं एकाच रंगाची. खाली बागेत जायची आणि येताना भलत्याच विंगेत भलत्याच दारापुढे किल्ली घेऊन उभी राहायची. आम्हाला वाटलं, नवीन जागा आहे, करमत नसेल. मग ती वाईला परत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटी ढोल्या गणपतीला जाऊन आली, येताना वांगी आणि कोथिंबीर घेऊन आली, सुट्टे पैसे मोजून. आमचा जीव भांड्यात पडला. पण त्याच आठवड्यात तिने मला एकच गोष्ट फोनवर सलग तीनदा सांगितली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, अल्झायमरची सुरुवात आहे.

१९९१ मध्ये जर्मनीतल्या हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने कित्येक मेंदूंचे काप तपासून दाखवलं होतं की या आजारातला पेशींमधला एका प्रथिनाचा गुंता सहसा एंटोरायनल कॉर्टेक्सच्या भागात सुरू होतो, मग हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतो आणि बराच नंतर उरलेल्या कॉर्टेक्सवर पसरतो. म्हणजे मघाशी सांगितलेल्या त्या फेऱ्याचं नेमकं प्रवेशद्वार. म्हणून कालचं विसरायला होतं आणि नव्या जागी वाट चुकते. म्हणून पुण्यातली विंग सापडत नाही आणि गणपतीचा घाट सापडतो. हे वाचलं तेव्हा आईचं ते दोन गावांतलं दोन तऱ्हेचं वागणं मला पहिल्यांदा समजलं.

त्यानंतर आमच्या घरी जो वाद झाला तो तुमच्यापैकी अनेकांच्या घरी झाला असेल, नाहीतर होईल. भावाचं म्हणणं, तिला कायमची पुण्याला आणू. गॅस आहे, जिना आहे, रात्री काही झालं तर कोण? त्याचं चुकीचं नव्हतं. माझं म्हणणं, ज्या एकाच गावाचा नकाशा तिच्याजवळ अजून शाबूत आहे, ते गाव आपण होऊन का काढून घ्यायचं? माझंही अगदी बरोबर होतं असं नाही, कारण हा आजार पुढे सरकतो आणि जुन्या नकाशालाही एक दिवस हात घालतो. दोघांनी डॉक्टरांना विचारलं, आणि मुख्य म्हणजे आईला विचारलं. ती म्हणाली, "मला माझ्या दारातून बाहेर पडू द्या."

तेव्हा सध्या ती इथेच आहे. दिवसरात्र सोबतीला एक मावशी असतात. स्वयंपाक त्याच करतात. घरात आम्ही काहीही हलवलेलं नाही. डब्यांची रांग तीच, देवघर तिथेच, मशीन खिडकीपाशीच. भावाने हौसेने नवं मॉड्युलर स्वयंपाकघर करायचं म्हटलं होतं, ते बेत रद्द केले. आई अजून मशीनवर बसते. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण साडीला फॉल लावते तो सरळ रेषेत. हेन्रीच्या चांदणीची आठवण होते. हाताचं खातं वेगळं, ते अजून भरलेलं आहे.

आणि तिला हलवायची वेळ येईल, याची तयारीही चालू आहे. ई. पी. यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट वाचली होती. त्यांची बायको त्यांना रोज न चुकता त्याच रस्त्याने फिरवून आणायची. एकदा ते तिच्या नकळत एकटेच बाहेर पडले. ती घाबरून शोधत राहिली, आणि हे ठरलेली फेरी पूर्ण करून आपापले घरी आले. आपलं घर कुठे आहे ते त्यांना नकाशावर दाखवता येत नव्हतं, पण पायांना येत होतं. म्हणून आम्ही ठरवलं आहे की आईला महिन्यातून आठ दिवस भावाकडे न्यायचं, तिथे रोज एकाच वेळी एकाच वाटेने फिरवायचं, दाराला आमच्या जुन्या घराचं तोरण लावायचं. उपयोग किती होईल ते बघू. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी असते, आमचा निर्णय म्हणजे नियम नव्हे. एवढंच सांगते की आई-वडिलांचं गाव हलवण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारात घ्या: तिथला नकाशा ते नव्याने काढू शकतील का? नसेल शक्य, तर जेवढं जुनं सोबत नेता येईल तेवढं न्या, आणि जमल्यास उशीर होण्याआधी न्या.

आता आपल्या पिढीकडे. आपण पंचेचाळिशीचे. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायचा तर चेरिंग क्रॉसपासून ६ मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्याला तीन-चार वर्षं लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मुळातच मोठा असलेले लोक तो धंदा धरत असतील, अशी शंका निघाली. म्हणून २०११ मध्ये ७९ उमेदवारांना सुरुवातीपासून तपासलं. त्यांतले ३९ परीक्षा पास झाले, आणि वाढ फक्त त्या ३९ जणांतच दिसली. हे शिकणारे शाळकरी नव्हते, चांगले बाप्ये होते. म्हणजे आपल्या वयातही तिथे काही घडू शकतं.

याच्या उलट बाजूला २०१७ चा एक प्रयोग आहे. २४ जणांना लंडनच्या सोहो भागातून संगणकावर वाट काढायला लावली. स्वतः वाट शोधताना, नवा चौक आला की हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल वाढायची. यंत्राने 'आता डावीकडे वळा' सांगायला सुरुवात केली की ती वाढ दिसेनाशी व्हायची. मी स्वतः सॉफ्टवेअरवर पोट भरते, मोबाइल फेकून द्या असं कशी म्हणेन? पण ओळखीच्या शहरात आठवड्यातून एकदा तो आवाज बंद करून जाऊन बघा. नकाशा आधी बघा, मग खिशात ठेवा. याने अल्झायमर टळतो असा दावा मी करत नाही. तेवढं कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. पण आपण कुठे आहोत हे आपल्याला माहीत असणं, एवढा फायदा तरी नक्की आहे. आणि झोपा. रात्री दोन वाजता ग्रुपवर सुप्रभात टाकणाऱ्यांना हे खास सांगणं आहे.

शेवटचा मुद्दा, आणि इथे माझ्या इंडेक्सची उपमा मोडते. संगणकातली फाइल वाचली म्हणून बदलत नाही. मेंदूतली बदलू शकते. करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ ओली होते, आणि पुन्हा वाळावी लागते. त्या ओल्या वेळात तिच्यात फेरफार होऊ शकतो. सकाळपासून आपण हेच करतो आहोत. मैदानातलं चिंचेचं झाड घंटेच्या डावीकडे होतं की उजवीकडे, यावर चहाच्या टेबलावर अर्धा तास वाद झाला. दोन्ही बाजू शपथेवर सांगायला तयार होत्या. संध्याकाळपर्यंत जो मोठ्याने बोलेल त्याचं झाड सगळ्यांच्या डोक्यात उगवेल, अशी मला भीती आहे.

म्हणून स्मरणिकेच्या संपादकांना माझी विनंती आहे. प्रत्येकाने घरी जाऊन, कुणाला न विचारता, जुन्या शाळेचा नकाशा एका कागदावर काढावा आणि पाठवावा. वर्ग, पाण्याची टाकी, सायकल स्टँड, झाडं, कोण कुठे बसायचं. शिक्षकांनीही काढावा, कारण टेबलाच्या त्या बाजूने दिसणारी शाळा आम्ही कधी पाहिलीच नाही. सगळे नकाशे एकमेकांशेजारी छापू. जिथे जुळतील तिथे जुळतील, नाही जुळले तर दोन्ही झाडं राहू देत. इमारत गेली आहे. तिचा पुरा आराखडा आता कुणा एकाच्या डोक्यात असेल असं नाही, तो आपल्या सगळ्यांत मिळून वाटलेला आहे.

आणि एक विनंती वाईतच राहणाऱ्या मित्र-मैत्रिणींना. आम्ही पुण्या-मुंबईला, बंगळुरूला, अमेरिकेला गेलो आणि आमचे आई-वडील तुमच्या आळीत राहिले. कधी एखाद्या कोपऱ्यावर आमच्यातल्या कुणाची आई किंवा वडील गोंधळून उभे दिसले, तर "मला ओळखलंत का? सांगा बघू कोण?" असं विचारू नका. उत्तर आलं नाही तर त्यांना फार वाईट वाटतं. आपणच आपलं नाव सांगा, "काकू, मी पण तिकडेच चाललोय" म्हणा, आणि दोन पावलं बरोबर चाला. वाट बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असते. सोबत कुणी असलं की ती सापडते. मग आम्हाला एक फोन करा. संयोजकांनी आजच्या यादीत प्रत्येकाच्या घरचा इथला पत्ता आणि पालकांचं नाव असा एक रकाना वाढवावा, एवढं माझं मागणं आहे.

माझी २० मिनिटं संपली, समितीचे अध्यक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे बघताहेत. सर, बाई, तुम्ही आम्हाला पाठ करायला लावलंत, नकाशे काढायला लावलेत, चुकलं की पुन्हा लिहायला लावलंत. त्यातलं काय कुठल्या पेशीत जाऊन बसलं ते शास्त्रज्ञ शोधतील. आमच्याजवळ ते अजून आहे, एवढं तुम्हाला सांगायचं होतं.